हापूसची पेटी इंटरनेटवरून विकताना गिऱ्हाइकाचा विश्वास कसा मिळवावा

बाजारात आंबा घेणारा माणूस फळ हातात घेतो, देठाजवळ नाक नेतो, हलकेच दाबून पाहतो, पेटीतला खालचा थर वर काढायला लावतो आणि मगच भावाचे बोलतो. इंटरनेटवरून पेटी मागवणाऱ्याला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याला फक्त फोटो दिसतो, चार ओळी वाचायला मिळतात आणि पैसे मात्र आधी भरावे लागतात. म्हणूनच रत्नागिरी किंवा देवगडच्या बागेतून थेट पुण्या-मुंबईच्या घरी आंबा पाठवू इच्छिणाऱ्या बागायतदाराने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने आणि नाकाने जी तपासणी केली असती, ती आपण त्याच्या वतीने करायची आहे आणि जे आढळेल ते पैसे घेण्याआधी त्याला सांगायचे आहे. आंबा कापल्यावर जे कळणारच आहे, ते आधी आपल्या तोंडून कळले तर गिऱ्हाईक टिकते, हा आमच्या बागेचा आजवरचा अनुभव आहे.

हा धडा आम्हाला पहिल्याच हंगामात मिळाला. त्या वर्षी आम्ही जाहिरातीत लिहिले होते, ‘एकही फळ खराब निघणार नाही.’ अक्षय्य तृतीयेला पुण्यातील एका आजींनी नैवेद्यासाठी आमचा आंबा कापला आणि त्याचा फोटो आम्हाला पाठवला. सालीवर एक डाग नव्हता, रंग सुरेख केशरी आला होता आणि आत कोयीलगत फिकट, पांढुरका, चिवट गराचा पट्टा होता. तो साका होता. आजींनी पैसे परत मागितले नाहीत, एवढेच विचारले, ‘असे निघू शकते हे तुम्हाला ठाऊक नव्हते का?’ आम्हाला ठाऊक होते. हापूस लावणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. तरीही आम्ही ते लिहिले नव्हते, कारण लिहिले तर पेटी खपणार नाही अशी भीती वाटत होती.

ती भीती चुकीची होती. पुढच्या वर्षापासून आम्ही साक्याबद्दल सर्वांत वर लिहू लागलो. साका बाहेरून ओळखता येत नाही, तो हापूसमध्ये विशेष आढळतो, फळ झाडावर पूर्ण पक्व होईपर्यंत ठेवले किंवा उतरवल्यावर उन्हात राहिले तर त्याचे प्रमाण वाढते आणि म्हणून आम्ही फळ चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झाले की सकाळच्या वेळी देठासह उतरवून लगेच सावलीत नेतो, हे सारे आम्ही साध्या शब्दांत मांडले. त्याखाली लिहिले की एवढे करूनही काही फळांत साका निघू शकतो, तसा निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पाठवावा आणि त्या फळाची किंमत आम्ही त्याच दिवशी परत करू. एखाद्या विक्रेत्याने स्वतःच्या मालातील खोट स्वतःहून सांगितली की त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही माणूस विश्वास ठेवू लागतो. मात्र हे केवळ युक्ती म्हणून करू नये. खोट सांगायची आणि भरपाईच्या वेळी टाळाटाळ करायची, याइतका गिऱ्हाइकाचा अपमान दुसरा नाही.

मालाचे वर्णन लिहिताना विशेषणे कमी आणि मोजमाप जास्त असावे. ‘मोठा’ आंबा म्हणजे किती मोठा हे कोणालाच सांगता येत नाही, पण २०० ते २५० ग्रॅमचे फळ म्हटले की ५ डझनांच्या पेटीत १२ ते १५ किलो आंबा आहे, हा हिशेब गिऱ्हाईक स्वतः करू शकते. आमच्या एका पेटीचे वर्णन असे होते:

‘रत्नागिरी तालुक्यातील आमच्या स्वतःच्या बागेतील हापूस. ५ डझन, प्रत्येक फळ २०० ते २५० ग्रॅम. १८ एप्रिलला सकाळी उतरवलेली फळे. पेटी पोहोचेल तेव्हा आंबा हिरवा आणि कडक असेल, तो घरी पिकायला साधारण आठवडा लागेल. फळे पेंढ्यात एका थरात मांडावीत, फ्रिजमध्ये ठेवू नयेत, रोज एकदा पाहावीत आणि जे पिकेल ते आधी खावे. काही फळांच्या सालीवर डिंकाचे डाग आहेत. त्यांचा चवीवर परिणाम होत नाही.’

यात एकही मोहक वाक्य नाही, तरी हे वाचून फोन करणारे बरेच जण पहिल्याच वाक्यात ‘पाठवा’ म्हणतात. ‘पेटी पोहोचेल तेव्हा आंबा हिरवा असेल’ हे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. शहरातील अनेक घरांत आता आढी घालण्याची, म्हणजे पेंढ्यात फळे पिकत ठेवण्याची, सवय राहिलेली नाही, पेटी उघडल्यावर पिवळाजर्द आंबाच दिसेल अशी त्यांची अपेक्षा असते आणि हिरवे फळ दिसले की फसवणूक झाली असे त्यांना वाटते. अशा अनेक तक्रारी हे एक वाक्य लिहिल्याने आपोआप थांबतात.

फोटो स्वतःच्या बागेतील आणि याच हंगामातील असावेत. दुसऱ्याच्या जाहिरातीतील किंवा इंटरनेटवर सापडलेले फोटो वापरू नयेत. गिऱ्हाईक ते ओळखते आणि एकदा ओळखले की परत येत नाही. दिवसाच्या उजेडात, पेटी उघडी ठेवून, दोन्ही थर दिसतील असे फोटो घ्यावेत आणि एक फळ तराजूवर ठेवून वजनाचा आकडा दाखवावा. तोडणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी पेटीत ठेवून तिच्यासह फोटो काढला तर आणखी चांगले.

आता शब्दांविषयी. ‘ओरिजिनल’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘केमिकल फ्री’ हे शब्द सगळेच वापरतात, त्यामुळे ते वाचून कोणाचेही मन वळत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार देशभर बंदी आहे, म्हणजे कार्बाइड न वापरणे हे विक्रेत्याचे साधे कर्तव्य आहे. तेवढेच वैशिष्ट्य म्हणून मिरवण्यापेक्षा आपण फळ प्रत्यक्षात कसे पिकवतो ते सांगावे. पेंढ्याच्या आढीत पिकवत असाल तर तसे लिहावे. इथिलीन वायूच्या रायपनिंग चेंबरमध्ये पिकवत असाल तर तेही लिहावे, कारण ठरवून दिलेल्या मर्यादेत इथिलीन वापरण्यास परवानगी आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्र हातात असेल तरच वापरावा. मोहोर आल्यापासून तुडतुडे आणि करपा यांच्यासाठी बहुतेक बागांत फवारण्या कराव्या लागतात. त्या केल्या असतील तर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवले हे विचारणाऱ्याला तारखेसह सांगता यावे, यासाठी फवारणीची वही नीट ठेवावी.

हापूसच्या नावाबाबत गिऱ्हाइकाच्या मनातील शंका रास्त आहे, कारण कर्नाटकासारख्या बाहेरच्या भागातून आलेला आंबा रत्नागिरी किंवा देवगडच्या नावाने विकला जातो हे त्याने अनेकदा ऐकलेले आणि काही वेळा अनुभवलेलेही असते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. बागायतदाराने त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करून घ्यावी आणि नोंदणी क्रमांक उघडपणे द्यावा. नोंदणी नसताना मानांकनाचे चिन्ह पेटीवर छापू नये. ज्यांच्याकडे फळावर क्रमांकाचे स्टिकर लावण्याची सोय आहे, त्यांनी तो क्रमांक कसा पडताळायचा हेही गिऱ्हाइकाला समजावून सांगावे, नाहीतर स्टिकर केवळ शोभेचे राहते. हे करताना कर्नाटकच्या आंब्याची निंदा करू नये. तो त्याच्या नावाने विकला गेला तर त्यात गैर काहीच नाही. आपले म्हणणे फक्त एवढेच आहे की पेटीवर जे नाव आहे तेच फळ आत असावे.

किंमत सांगताना पेटी, पॅकिंग आणि घरपोच पोहोचवण्याचा खर्च मिळून एकच आकडा आधी द्यावा आणि त्याची फोड खाली लिहावी. आधी कमी भाव दाखवून शेवटच्या पानावर वाहतुकीचे पैसे वाढवणे हा प्रकार केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्यांमध्ये मोजला आहे. अशा एकूण १३ क्लृप्त्या त्यात नोंदल्या आहेत. पैसे घेण्याच्या वेळची एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जाहिरातीवर बागेचे नाव असते, पण यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर भलत्याच माणसाचे नाव उमटते, कारण खाते वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते. नेमक्या त्या क्षणी गिऱ्हाईक थबकते. शक्य असल्यास बागेच्या नावाने खाते उघडावे, नाहीतर ‘पैसे पाठवताना अमुक नाव दिसेल, ते माझ्या वडिलांचे आहे’ असे आधीच कळवावे. पैसे परत करताना गिऱ्हाइकाकडून ओटीपी किंवा पिन कधीही मागू नये आणि आपण तो मागणार नाही, हे पावतीवर छापावे.

परदेशातील मराठी मंडळी पुष्कळदा पुण्यात किंवा ठाण्यात राहणाऱ्या आई-वडिलांसाठी पेटी मागवतात. अशा वेळी पैसे देणारा एक आणि आंबा खाणारा दुसरा असतो. पेटी निघाल्याचा निरोप आणि आढीची सूचना दोघांनाही पाठवावी. ज्येष्ठांना लिखित संदेशापेक्षा एक फोन अधिक बरा वाटतो.

घाई करायला लावण्याचा मोह या धंद्यात मोठा आहे, कारण हंगाम खरोखरच लहान आहे. ‘फक्त ३ पेट्या शिल्लक’ असे खोटे लिहिणे किंवा संपला की पुन्हा सुरू होणारे घड्याळ लावणे, या खोट्या घाईलाही त्याच मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. खरी टंचाई मात्र अवश्य सांगावी. ‘या शनिवारी ४० पेट्यांची तोडणी आहे, त्यातील २६ ठरल्या आहेत, पुढची तोडणी आठ दिवसांनी’ हे वाक्य खरे असेल तर ते गिऱ्हाइकाला निर्णय घ्यायला मदतच करते. ज्याला थांबायचे आहे त्याला पुढची तारीखही त्यातच मिळते.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय पेटी पोहोचल्याच्या दिवशी मागू नयेत, कारण तेव्हा फळ पिकलेलेच नसते. दहा दिवसांनी विचारावे आणि ‘कसा वाटला’ असे मोघम न विचारता किती फळे चांगली निघाली, किती खराब निघाली, असे नेमके विचारावे. आलेल्या उत्तरांपैकी नाराजीची उत्तरेही आपल्या खुलाशासह प्रसिद्ध करावीत. केवळ स्तुतीने भरलेले पान वाचणाऱ्याला घरच्या माणसांनी लिहिल्यासारखे वाटते. विक्रेत्याने स्वतःच गिऱ्हाईक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार निषिद्ध आहे. कोणाला फुकट पेटी देऊन व्हिडिओ करून घेतला असेल, तर पेटी फुकट दिल्याचे त्या व्हिडिओत स्पष्ट सांगायला लावावे. कोणाचे नाव, फोटो किंवा संदेश वापरण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी. एकदा पेटी घेतली म्हणून कोणाचा नंबर न विचारता जाहिरातीच्या यादीत घालू नये.

तक्रार येणारच आणि विश्वासाची खरी परीक्षा तिथेच होते. पिकलेले फळ दोन दिवसांत संपते किंवा सडते, म्हणून उत्तर त्याच दिवशी गेले पाहिजे. तक्रारदाराकडे पुरावे मागत बसू नये, एक फोटो पुरे. आमचे उत्तर साधारण असे असते: ‘नमस्कार. आपली पेटी क्रमांक ११७, तोडणी २२ एप्रिल. फोटोतील चार फळांत साका दिसतो आहे. चार फळांचे पैसे आत्ताच परत पाठवले आहेत. उरलेल्या फळांपैकी आणखी खराब निघाल्यास याच नंबरवर कळवावे. आपली गैरसोय झाली याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.’ या उत्तरात पेटीचा क्रमांक आणि तोडणीची तारीख असते, कारण त्यामुळे आपली पेटी कोणाच्या तरी लक्षात आहे हे गिऱ्हाइकाला कळते आणि त्या दिवशीच्या तोडणीत काय बिघडले हे आम्हालाही शोधता येते. एकाच तारखेच्या तीन पेट्यांतून साक्याची तक्रार आली, तर त्या तारखेच्या बाकी गिऱ्हाइकांना आम्ही स्वतःहून निरोप धाडतो.

मे संपत आला, वळवाचे शिंतोडे पडू लागले आणि फळमाशीचा उपद्रव वाढला की झाडावर आंबा असला तरी ऑर्डर घेणे बंद करावे आणि तो माल कॅनिंगला द्यावा. ज्यांनी आगाऊ पैसे भरले आहेत पण ज्यांना पेटी देता आली नाही, त्यांना फोन करून कारण सांगावे आणि पूर्ण रक्कम त्याच दिवशी परत करावी. ती पुढच्या वर्षासाठी जमा ठेवू का, असे विचारूही नये. पुढच्या फेब्रुवारीत मोहोर कसा आला आहे, लाग कमी आहे की जास्त आणि पहिली तोडणी कधी अपेक्षित आहे, एवढे सांगणारा एक निरोप ज्यांनी तो मागितला आहे त्यांनाच पाठवावा. त्या निरोपात भाव टाकू नये. लाग दिसल्याशिवाय भाव आपल्यालाही ठाऊक नसतो.