माझा अनुभव: कोलॅजन जेलमधील स्फेरॉइड तळाला बसतो तेव्हा

मेंदूच्या गाठीतील पेशी भोवतालच्या ऊतीत कशा शिरतात हे पाहण्यासाठी मी ग्लिओब्लास्टोमाच्या (मेंदूच्या एका घातक गाठीच्या) यू८७ पेशींचे स्फेरॉइड, म्हणजे पेशींचे गोलाकार पुंजके, कोलॅजन या तंतुमय प्रथिनाच्या जेलमध्ये बसवत होतो. २४ तासांत पेशी इतक्या झपाट्याने पसरल्या की प्रथम आनंदच झाला. मात्र सूक्ष्मदर्शकाचा फोकस खालीवर केल्यावर दिसले, की स्फेरॉइड बुडून तळाला टेकला आहे आणि पेशी जेलमध्ये न शिरता प्लास्टिकवरच चपट्या होऊन सरकत आहेत. कोलॅजनचे प्रमाण वाढवले, सीरम कमी केले, लहान स्फेरॉइड घेतले. उपयोग झाला नाही. तीन आठवडे वाया गेल्याची चिडचिड वेगळीच.

अखेर जेल दोन थरांत ओतल्यावर अडचण सुटली. नळी बर्फावर ठेवून तीत दसपट तीव्रतेचे माध्यम (पेशी वाढवण्याचा पोषक द्रव), पाणी आणि प्रकार १ कोलॅजन अंतिम प्रमाण २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होईल असे मिसळावे व सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ च्या आसपास आणावा. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येकी ५० मायक्रोलिटर घालून ३७ अंश सेल्सियसला ३० मिनिटे थिजू द्यावे. त्यानंतरच, टोक कापलेल्या पिपेट टिपने (अखंड टिपमध्ये स्फेरॉइड फाटतो) एक स्फेरॉइड शक्य तितक्या कमी द्रवासह उचलून ताज्या, थंड ५० मायक्रोलिटर मिश्रणात घ्यावा आणि थिजलेल्या थरावर मधोमध सोडावा. पुन्हा ३० मिनिटांनी वरून १०० मायक्रोलिटर कोमट माध्यम घालावे आणि ० तासाचे छायाचित्र लगेच घ्यावे.

आता बाहेर पडणाऱ्या पेशी लांबट, टोकदार दिसतात आणि वेगवेगळ्या फोकस-पातळ्यांवर सापडतात.