बदकाची पिल्लं पटापट मरतायत? या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

मुळशी, भोर, मावळकडं ज्यांनी कोंबड्यांच्या जोडीला शे-दोनशे बदकं ठेवलीत त्यांच्यासाठी लिहितोय.

मागच्या पावसाळ्यात माझी 3 आठवड्यांची पिल्लं, डोळे चिकट, नाक गळतंय, हिरवट हगवण, मला वाटलं गारठा लागला असेल. दुकानातून कोंबड्यांची अँटिबायोटिक पावडर आणली आणि पाण्यात टाकली. तिसऱ्या दिवशी पिल्लं मान हलवायला लागली, उताणी पडून पाय मारायला लागली, मग कुठं लॅबला पळालो तर कल्चरमध्ये (सॅम्पलमधले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) काहीच उगवेना, कारण औषध आधीच पोटात गेलेलं. म्हणजे पहिली चूक हीच, सॅम्पलच्या आधी औषध.

ही लक्षणं रीमेरेला अॅनाटिपेस्टिफर नावाच्या जिवाणूची असू शकतात, साधारण 1 ते 8 आठवड्यांच्या पिल्लांना जास्त धरतो. पण पोट फाडून बघून "हाच तो" म्हणू नका. यकृतावर, हृदयावर पांढरट पापुद्रा ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूच्या रोगातही दिसतो. लॅबवाले ओळखतात कारण ई. कोलाय मॅककॉन्की नावाच्या, लॅबमध्ये जंतू वाढवायच्या माध्यमावर मस्त उगवतो आणि रीमेरेला सहसा उगवतच नाही. डक प्लेग हा बदकांचा रोग असेल तर तो विषाणूचा, तिथं अँटिबायोटिकचे पैसे पाण्यात.

आता सगळ्यात मोठी चूक. गेल्या बॅचला जे औषध लागू पडलं तेच यंदा. अहो, नाव एक असलं तरी जिवाणू एक नसतो! रीमेरेलाचे 21 तरी सीरोटाइप (म्हणजे उपप्रकार) नोंदलेत, आणि एका सीरोटाइपची लस दुसऱ्याला फारशी आवरत नाही, त्यामुळं कुणी लस देतो म्हणालं की आधी विचारा कुठल्या सीरोटाइपची. त्यात हा गडी आजूबाजूला पडलेला डीएनए उचलून आपल्यात घेतो, औषधाला दाद न देणारे जीन्सही त्यातूनच मिळू शकतात. शेजारच्याच्या शेडमधलं औषध तुमच्याकडं फेल जातं ते उगाच नाही. सेन्सिटिव्हिटी टेस्ट (कुठलं औषध लागू पडतं ती लॅबची तपासणी) करा. आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकची जुनी पाकिटं कुणी खपवत असेल तर घेऊ नका, खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत 2019 पासून आपल्याकडं बंदी आहे.

सॅम्पल म्हणून दोन दिवस गोणीत कुजलेलं बदक नेऊ नका (वास तर येतोच, वर इतर जंतू भरमसाट). नुकती मेलेली (बर्फाच्या डब्यात, पण गोठवून नको) आणि आजारी अशी 3-4 पिल्लं न्या, पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधलाच आहे, आधी फोन करून जा.

शेडचं म्हणाल तर तूस ओलं ठेवू नका, आणि जाळीची टोकं बघा, हा जंतू श्वासातून जातो तसा पायाच्या जखमेतूनही जातो हे मला फार उशिरा कळलं. मोठ्या बदकांत नवी पिल्लं सोडायची नाहीत, एक बॅच पूर्ण निघाली की शेड धुवून, वाळवून मगच दुसरी आणायची.