घरच्या सन-फोटोमीटरने हवेतली धूळ कशी मोजावी (आणि कॅलिब्रेशनमधे कसं फसू नये)

सन-फोटोमीटर म्हणजे काय तर सूर्याचा सरळ येणारा प्रकाश हवेतल्या कणांनी किती अडवला ते मोजायचं यंत्र. एलईडीवर उजेड पडला की उलटा करंट निघतो, आणि जो रंग तो फेकतो त्याच्यापेक्षा जरा कमी वेव्हलेंग्थला तो प्रतिसाद देतो. ही युक्ती अमेरिकेतल्या फॉरेस्ट मिम्स यांची, 1990 पासून ते टेक्सासमधे असंच मोजतायत. हिरवा एलईडी, एक ऑप-अँप (बारीक करंट मोठा करणारी चिप), मल्टीमीटर, डबा, पुढे बारीक भोक. जोडणीचे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते बघून जोडा.

रीडिंग घेणं सोपं आहे. भोकातून आलेला उजेडाचा ठिपका मागच्या खुणेवर आणा, सर्वात मोठं व्होल्टेज लिहा, भोक झाकून अंधारातलं व्होल्टेज वजा करा, वेळ मिनिटासकट टिपा. सूर्याकडे डोळ्यांनी बघायचं नाही. आधी घराच्या कोपऱ्याआड सूर्य लपवून आजूबाजूचं आभाळ बघा, पातळ पांढरा ढग दिसला तर त्या दिवशी सुट्टी. यंत्र उन्हात तापत ठेवू नका, रीडिंग सरकतं.

आता खरी गोम. हवाच नसती तर तुमच्या यंत्राने किती व्होल्टेज दाखवलं असतं? हा आकडा, व्ही-शून्य, कळल्याशिवाय बाकी सगळं फुकट. तो काढायची अमेरिकन शास्त्रज्ञ लँगली यांची पद्धत शंभर वर्षांहून जुनी: सकाळी सूर्य वर चढतो तसा किरणांचा हवेतला रस्ता कमी होतो (एअर मास म्हणजे 1 भागिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा साइन), तर व्होल्टेजचा नॅचरल लॉग एअर मासच्या समोर मांडायचा, रेघ ओढायची आणि ती एअर मास शून्यापर्यंत मागे न्यायची, तिथे व्ही-शून्याचा लॉग मिळतो. एका व्हिडिओत सांगितलेलं की रेघ सरळ आली की कॅलिब्रेशन झालं. मी ते ऐकलं आणि एक अख्खा हिवाळा घालवला.

झालं असं की डिसेंबरात बेळगावातल्या शहापूरच्या गच्चीवरून मी रीडिंग घेतली, रेघ पट्टीने आखल्यासारखी, मी खूश. मग मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, मोजलं तर धूळ मायनसमधे! कारण माझी डिसेंबरातली रीडिंग सकाळी आठ ते साडेनऊची, तेव्हा गल्लीत बंब पेटलेले, कचरा जळतोय, शाळेच्या रिक्षा सुटलेल्या, सूर्य वर येतोय तसा धूरही वाढतोय. आणि हा धूर जर 1 भागिले एअर मास या चालीने वाढला तर रेघ सरळच राहते पण व्ही-शून्य कमी निघतो, म्हणजे चूक तुम्हाला दिसतच नाही. म्हणून सरळ रेघेवर विश्वास ठेवू नका, नाही म्हणजे नाही. व्ही-शून्य 5 टक्के चुकला तर सूर्य डोक्यावर असताना उत्तर 0.05 ने चुकतं आणि स्वच्छ दिवसाचं उत्तरच मुळात तेवढं असतं.

उपाय एकच, उंचावर जा. ॲरोनेट (सन-फोटोमीटरांचं नासाचं जगभरचं जाळं) वाले वर्षानुवर्षं त्यांची मुख्य यंत्रं हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर 3400 मीटरवर न्यायचे, आपल्याला बेळगावजवळचा राजहंसगड पुरे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघा, एअर मास 5 ते 2 च्या मधली रीडिंग घ्या, म्हणजे सूर्य साधारण साडेअकरा अंशांवर असल्यापासून 30 अंशांपर्यंत. सुरुवातीला एअर मास भराभर बदलतो, दर तीन मिनिटांनी घ्या, नंतर दहा मिनिटांनी चालतं. आणि एक सकाळ नको, आठ-दहा सकाळी करा, दोन-तीन संध्याकाळीही, कारण संध्याकाळची चूक बहुतेक वेगळ्या चालीची असते. जानेवारीत सूर्य जवळ, जुलैत लांब, उजेडात जवळजवळ 7 टक्के फरक पडतो, तेव्हा आधी सगळे व्ही-शून्य सूर्याच्या सरासरी अंतरावर आणा मगच तुलना करा. ते एकमेकांपासून 2-3 टक्क्यांत बसले तर सरासरी घ्या, नाही बसले तर परत गड चढा. गडावर कोणीतरी विचारणारच, "सोनं शोधायचं मशीन हाय काय वो?" हो म्हणालात तर गर्दी जमते, अनुभव आहे.

पुढचं सरळ. व्ही-शून्य त्या दिवसाच्या अंतराला जुळवा, त्याच्या लॉगमधून आजचा लॉग वजा करा, एअर मासने भागा, त्यातून हवेच्या रेणूंचा वाटा काढून टाका. हिरव्याला समुद्रसपाटीवर तो 0.137 धरतात, बेळगाव साडेसातशे मीटरवर म्हणून 0.126 घ्या. उरलं ते एरोसॉल ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे कणांनी प्रकाश किती अडवला त्याचं माप. 0.1 म्हणजे स्वच्छ, 0.5 म्हणजे डोक्यावरच्या सूर्याचा जवळजवळ 40 टक्के सरळ प्रकाश कणांनीच अडवला.

उसाचा पाला पेटायला लागला की आकडा चढतो, पण त्यावरून "धुराने गारवा येतो" असं कोणी म्हणालं तर गप बसा म्हणावं. धुरातले सल्फेटचे कण प्रकाश परत फेकतात, काजळी तो शोषून हवाच तापवते, जमिनीवर ऊन दोघांमुळे कमी पडतं आणि आपलं यंत्र दोघांना एकाच तराजूत घालतं. जगभराचा हिशोब आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान-बदलाची समिती) सहाव्या अहवालात आहे, कणांमुळे पृथ्वीच्या उष्णतेच्या जमाखर्चात 1750 पासून 2019 पर्यंत पडलेला फरक दर चौरस मीटरला उणे 1.1 वॅट, म्हणजे एकूण थंडावाच, पण अनिश्चितता उणे 0.4 ते उणे 1.7. एवढी मोठी फट राहते म्हणून तर जमिनीवरची मोजणी लागते.

रोजचं रीडिंग दुपारी दीड-दोनच्या सुमारास घ्या, अमेरिकेचा सुओमी-एनपीपी उपग्रह साधारण तेव्हाच वरून जातो, त्याने मोजलेला कणांचा आकडा शेजारी लिहून ठेवा. फरक दिसला तर उपग्रहाला शिव्या द्यायच्या आधी भोकात कोळी शिरलाय का बघा, माझ्या डब्यात दोनदा शिरलेला.