जीएमला नापास करण्याआधी या चुका टाळा

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मेस्सी-रोनाल्डोवाले इथूनच परत फिरतील. आम्हा न्यू जर्सीकर मराठी मंडळींच्या ग्रुपवर अर्धे फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे, अर्धे न्यूयॉर्क जायंट्सचे. दर एप्रिलमध्ये ड्राफ्टची, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची, पहिली रात्र सरायच्या आत प्रत्येकाने आपल्या संघाचे खेळाडू निवडणाऱ्या जनरल मॅनेजरला (जीएमला) मार्क देऊन टाकलेले असतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आणि हे बाशिंग मीही बांधलेलं आहे.

एप्रिल २०२०. लॉकडाऊन, त्यामुळे सगळे जीएम आपापल्या घरून ड्राफ्ट करत होते. ईगल्सच्या हावी रोझमनने २१व्या क्रमांकावर जेलन रेगर हा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) घेतला. लगेच २२व्या क्रमांकावर मिनेसोटा वायकिंग्जने जस्टिन जेफरसनला उचललं. दुसऱ्या दिवशी तर कहरच. ५३व्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या राऊंडमध्ये, रोझमनने क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) घेतला, जेलन हर्ट्स. जेमतेम वर्षभरापूर्वी संघाचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झला १२.८ कोटी डॉलरचा वाढीव करार दिलेला असताना! चहा थंड होईपर्यंत मी ग्रुपवर टाइप करत होतो. शीर्षक होतं ‘रोझमनला हाकला’.

रेगरबद्दल मी बरोबर ठरलो. जेफरसनने पहिल्याच हंगामात १,४०० यार्ड काढले, आणि रेगरला २०२२मध्ये ईगल्सने ट्रेड केलं, तेही वायकिंग्जकडेच. २०२०च्या हंगामात ईगल्स चार सामने जिंकले, अकरा हरले, एक बरोबरीत. माझी कॉलर ताठ. मग ९ फेब्रुवारी २०२५ उजाडला. न्यू ऑर्लिन्समध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ असं लोळवलं, आणि सुपर बोलचा, म्हणजे अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू कोण, तर हर्ट्स. मी अजून सोफ्यावर उड्या मारतोय, तोच ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला. वर-खाली एक शब्द नाही. फक्त माझ्या पाच वर्षांपूर्वीच्या एका ओळीखाली लाल रेघ: ‘दुसऱ्या राऊंडचा पिक गटारात.’

त्या माणसाची सगळ्यात वाईट निवड आणि सगळ्यात चांगली निवड यांत चोवीस तासांचं अंतर होतं. मी दोन्हींना एकच शेरा दिला होता.

तेव्हापासून मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. ड्राफ्टच्या रात्री प्रत्येक पिकला, म्हणजे निवडीला, एकच ओळ: का घेतला असेल, आणि तेव्हा आणखी कोण शिल्लक होतं. मग वही माळ्यावर, तीन वर्षं. तीनच का? पहिल्या राऊंडच्या खेळाडूच्या कराराचं पाचवं वर्ष पक्कं करायचं की नाही, हे क्लबसुद्धा तिसऱ्या हंगामानंतरच ठरवतो. त्यांना धीर आहे, तुम्हाला कसली घाई? २०१२ला सिअ‍ॅटलच्या ड्राफ्टला भल्याभल्यांनी नापास केलं होतं. त्यातच बॉबी वॅग्नर होता, रसेल विल्सन होता. फेब्रुवारी २०१४मध्ये त्यांनी सुपर बोल ४३-८ने जिंकला.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: एकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं. आमच्यातल्या एकाने मोठ्या हौसेने रोझमनची सगळी कारकीर्द एक्सेलमध्ये मांडली. रंगबिरंगी रकाने, सरासऱ्या, सगळं. २०१५चं वर्ष लालभडक. लशॉन मकॉयला बफेलोला देऊन टाकलं, डीमार्को मरेवर पैसा ओतला. मी विचारलं, “अरे, त्या वर्षी खेळाडू कोण निवडत होतं?” त्या वर्षी ते अधिकार कोच चिप केलीकडे होते. रोझमनला वरचं पद देऊन खेळाडूंच्या निर्णयांतून बाजूला काढलेलं होतं. डिसेंबरअखेर केलीला नारळ मिळाला आणि मग रोझमन परतला. पाटी मोठी, किल्ली दुसऱ्याकडे. आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागू नये.

उलटही होतं. २०१७च्या ड्राफ्टमध्ये चीफ्सनी वर सरकून दहाव्या क्रमांकावर पुढे हुकमी एक्का ठरलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स घेतला, तेव्हा जीएम होते जॉन डॉर्सी. जूनमध्ये त्यांची नोकरी गेली. जुलैत ब्रेट वीच आले, आणि महोम्ससाठी आतून सर्वांत जास्त आग्रह धरणाऱ्यांत हेच वीच होते. आता मार्क कोणाला? मी दोघांच्या नावापुढे अर्धा-अर्धा लिहितो. पटत नसेल तर तुमची वही तुम्ही घाला. पण कोण कधी आलं, कधी गेलं आणि अंतिम शब्द कोणाचा होता, हे न बघता आकडे मांडू नका. डॅलसमध्ये तर मालक जेरी जोन्स स्वतःच जीएम आहेत, तिथे हाकलणार कोण?

डेड मनी दिसला की शिव्या सुरू, हीही एक खोड. साइनिंग बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण सॅलरी कॅपच्या (पगारखर्चाच्या मर्यादेच्या) हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरतो. खेळाडू मध्येच गेला की उरलेली रक्कम संघाच्या अंगावर येते, हाच डेड मनी. वेंट्झला २०२१मध्ये कोल्ट्स संघाकडे पाठवताना ईगल्सनी सुमारे ३.४ कोटी डॉलर असे अंगावर घेतले. पण बदल्यात मिळालेल्या पिकपैकी (निवडीच्या हक्कांपैकी) एक पुढे पहिल्या राऊंडचा ठरला, आणि हर्ट्सला मैदान मोकळं झालं. आकडा वाचलात, आता व्यवहारही वाचा.

क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी पुढे चमकला, म्हणून सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या जीएमला द्रष्टा म्हणू नका. २०२२च्या ड्राफ्टमधला तो २६२वा, म्हणजे शेवटचा पिक. त्याच संघाने त्याच्याआधी आठ जणांना निवडलं होतं.

पहिल्या राऊंडचे पिक मोजत बसू नका. रॅम्सनी २०१७ ते २०२३ पहिल्या राऊंडमध्ये एकही खेळाडू घेतला नाही, आणि मधल्या मध्ये सुपर बोल जिंकला.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे बोली नसते, मागचा हंगाम वाईट गेलेल्याची पाळी आधी येते.

फँटसीच्या (कागदी संघ बनवायच्या खेळाच्या) गुणांवरून तर जीएमला अजिबात जोखू नका. ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या, पाच दांडग्यांना तिथे भोपळा मिळतो. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू, फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. त्याला ईगल्सनी २०१८मध्ये सातव्या राऊंडमध्ये घेतलं. क्वार्टरबॅकची डावी बाजू आज तोच राखतो.

सध्या आमचे जायंट्सवाले त्यांच्या जीएम जो शेनवर खवळलेले असतात. २०२४च्या मार्चमध्ये त्यांनी सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) जाऊ दिलं, रोझमनने तीन वर्षांसाठी घेतलं, आणि पहिल्याच हंगामात त्याने धावून २,००५ यार्ड काढले. ग्रुपवर शेनला रोज फाशी. मी गप्प असतो. माझ्या जुन्या डायरीत त्या मार्चच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘शेनने बरोबर केलं. सत्ताविशीतल्या रनिंग बॅकवर एवढा पैसा? रोझमन फसला.’ ते पान मी अजून कोणाला दाखवलेलं नाही.