दुखणं बॅटरीचं नव्हतंच: जुन्या डिझेल जीपचा अल्टरनेटर

आमच्या जुन्या डिझेल जीपला सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ व्हायचं. दुकानदाराचं एकच म्हणणं, नवी बॅटरी घ्या. त्याआधी मल्टिमीटर लावला. चार्ज करून रात्रभर ठेवलेली बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवेत, इथे 12.3, आणि हेडलाइट लावले की आणखी खाली. अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारं जनित्र) फिरवणारा पट्टा ताठ होता. अल्टरनेटरच्या मागच्या बी-प्लस बोल्टवरही (जिथून वीज बॅटरीकडे जाते) तेवढेच व्होल्ट, म्हणजे दोष तारेत नाही, अल्टरनेटरमध्येच. (चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायची गॅरेजवाली पद्धत टाळा, अल्टरनेटरमधले एसीचं डीसी करणारे डायोड उडतात.)

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढली, मग पट्टा. खरी गंमत पुढे होती. अशा बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरचा (ब्रेक दाबायला हलका करणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच असतो आणि त्याला इंजिन ऑइलची नळी येते. त्याचं सील गेलं होतं. ऑइल आत झिरपून कार्बन ब्रश (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे) चिकट झालेले, ते घासतात त्या स्लिप रिंगवर खाच. ब्रश स्वस्तात मिळतात हो, पण रिंग एवढी झिजल्यावर ते टिकत नाहीत. मग त्याच अँपिअरचा रीकंडिशन केलेला अल्टरनेटर घेतला. पंपात थोडं ऑइल घालूनच बसवला, नळीला कॉपर वॉशर नवे टाकले.

आता हेडलाइट, ब्लोअर लावून 14.1. गाडी हलवण्याआधी मात्र ब्रेक पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं नाही, तर व्हॅक्यूमची नळी नीट बसली आहे का ते पुन्हा बघा.