व्हॅनला प्रोजेक्टर हेडलाइट लावायचेत? आधी गाडी भरा

पान्याला हात लावण्याआधी व्हॅनमध्ये सामान भरा. रोज जेवढं वाहता तेवढं. माणसं बसत असतील तर माणसंही बसवा. पुढे लिहिलेलं बाकी सगळं कुठल्याही चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला ठाऊक असतं. हे एवढं मात्र मागच्या वेळी मी विसरलो, आणि मला कुणी विचारलंही नाही.

मागच्या वेळी काम मन लावून केलं होतं. भिंतीवर रेष आखली, दोन तास खपून दोन्ही दिव्यांचा फोकस मिलिमीटरने जुळवला. गाडी रिकामी होती. दुसऱ्या संध्याकाळी छतापर्यंत सामान भरून निघालो. अंधाऱ्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण डिपर देत होता. मी डिपरवरच, म्हणजे खालच्या उजेडावरच होतो, म्हणून त्यांना दाखवायला अप्पर (लांबचा उजेड) मारून परत खाली घेत होतो, आणि मनातून चिडत होतो. मग एक मोटरसायकलवाला समोरून आला, कडेच्या मातीत उतरला, एक पाय जमिनीवर टेकवला आणि तळहात डोळ्यांवर धरून तसाच थांबला. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चाळीसएक पावलं पुढे गेलो आणि वळून बघितलं. उजेडाची रेष कमरेखाली असायला हवी होती, ती माझ्या छातीवर होती. तो माणूस पडला नाही, एवढंच. म्हणून हे लिहितोय.

हिशेब सोपा आहे. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे. वजनाने गाडी मागून ६ सेंटीमीटर बसली, तर नाक २ टक्क्यांनी वर उठतं. डिपरची रेष साधारण १ टक्का उतरती ठेवतात, म्हणजे १० मीटरवर १० सेंटीमीटर खाली. त्यात २ टक्के मिळवले की तीच रेष १ टक्का चढती होते. ५० मीटरवर जी दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर खाली असायची, ती अर्धा मीटर वर जाते. दिवा जमिनीपासून ८५ सेंटीमीटरवर असेल तर रेष १३५ वर, आणि समोरच्या कारवाल्याचे डोळे त्याच्या खालीच असतात.

कुणी म्हणेल, गाडी आधीही बसत होती, तेव्हा कुणी ओरडलं नाही. बरोबर. जुन्या हॅलोजनच्या रिफ्लेक्टरची कड मऊ असते, उजेड वर जाता जाता विरत जातो, आणि एच-४ या नेहमीच्या हॅलोजन बल्बचा डिपर मुळात १००० ल्युमेनच्या आसपासचा. प्रोजेक्टरमध्ये लेन्सच्या मागे एक पत्रा असतो. तो उजेड अक्षरशः कापतो. रेषेच्या वर अंधार, रेषेच्या लगेच खाली सगळा जोर. ही रेष जागेवर असली तर समोरच्याला हॅलोजनपेक्षाही कमी त्रास होतो. चार बोटं वर गेली तर सगळा जोर त्याच्या डोळ्यांत. म्हणून सामान भरा.

आता भिंत. सपाट जमीन, समोर सरळ भिंत, दिव्यापासून भिंतीपर्यंत १० मीटर. जागा नसेल तर ५ मीटरवर करा आणि मापं निम्मी धरा. टायरमध्ये हवा नेमकी असू द्या आणि चालकाच्या जागी कुणाला तरी बसवा. गाडीच्या मध्यावर एक उभी चिकटपट्टी, दोन्ही दिव्यांच्या मध्यांवर एकेक उभी, आणि दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर एक आडवी. मग आत्ता आहेत ते दिवे लावा आणि त्यांची कड कुठे पडते ते पट्टीने आखून घ्या. दोनदा. एकदा रिकाम्या गाडीची, एका रंगात. एकदा भरलेल्या गाडीची, दुसऱ्या रंगात. या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तुमची व्हॅन नेमकी किती बसते याचं उत्तर, आणि ते कुठल्याही कागदावर छापलेलं नसतं. फोटो काढून ठेवा. हेडलाइट एकदा उघडला की हे माप परत मिळत नाही.

डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं हेडलाइट खालीवर करायचं चक्र आहे का बघा. असेल तर ते खरोखर चालतं का, तेही आजच बघा. सामान भरून, चक्र फिरवत, भिंतीकडे डोळे ठेवून. बऱ्याच जुन्या गाड्यांत चक्र फिरतं आणि आतली मोटर मेलेली असते. चालत असेल तर फोकस ०वर आणि रिकाम्या गाडीवर लावायचा, सामान भरलं की चक्र फिरवून रेष जागेवर आणायची. चक्रच नसेल तर भरलेल्या गाडीवर फोकस लावा. रिकामी असताना उजेड जवळच पडेल, तेव्हा वेग कमी ठेवा. दोन पट्ट्यांत फारच फरक असेल तर तो दिव्यांचा प्रश्न नाही, मागचे पाटे दाखवून घ्या.

नियम. बहुतेक देशांत हेडलाइटला मंजुरी मिळते ती आतल्या बल्बच्या प्रकारासकट. आतलं बदललं की तपासणीत गाडी अडू शकते, विम्याचाही प्रश्न येऊ शकतो. सामान विकत घेण्याआधी तपासणी करणाऱ्यांना विचारा, नंतर नाही.

खरेदी. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब खुपसू नका. तो रिफ्लेक्टर एका बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. उजेडाचं उगमस्थान जरा हललं तरी सगळीकडे फाकतो. प्रोजेक्टर साधारण अडीच आणि तीन इंची लेन्सचे मिळतात. आपल्या दिव्यात तीन इंची मावेल असं नुसतं बघून ठरवू नका, मागच्या रबरी झाकणापासून आत किती खोली आहे ते मोजा, कारण एलईडीच्या पाठीला हीट सिंक (उष्णता खेचणारा धातूचा तुकडा) आणि पंखा असतो आणि जागा तिथेच कमी पडते. डिपरची रेष एका बाजूला पायरीसारखी वर चढते. वाहतूक डावीकडून चालत असेल तर ही पायरी डावीकडे चढणारीच हवी. उलटी आली तर समोरच्याच्या तोंडावर चढते, आणि ती नुसता फोकस फिरवून सुधारत नाही. तुमच्या जुन्या दिव्याच्या काचेवर कदाचित आडवा बाण असेल. दिव्यासमोर उभं राहून बघितल्यावर तो तुमच्या उजवीकडे रोखलेला असेल तर तो दिवा डावीकडच्या वाहतुकीचा. रंगात ६००० केल्विनच्या निळसर पांढऱ्याच्या मागे लागू नका, ४३०० ते ५०००च्या दरम्यानचा घ्या. पावसात ओल्या रस्त्यावर मला तोच बरा वाटतो. खोक्यावरच्या वॅटवर विश्वास नको. घरी आणून १३.५ व्होल्टवर किती करंट घेतो ते मीटरने बघा. ३ अँपिअर म्हणजे साधारण ४० वॅट, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

दिवा उघडणं. हातमोजे, प्लास्टिकच्या पट्ट्या, चांगला ब्यूटाइल सीलंट (काच चिकटवणारा काळा रबरी चिकट पदार्थ). आधी कडेच्या खाचेत नख दाबून बघा. नख रुतलं तर ब्यूटाइल आहे, गरम केल्यावर सुटेल. दगडासारखं कडक लागलं तर तिथेच थांबा. ते उघडायच्या नादात काच फुटते. बल्ब, रबर, क्लिपा काढा आणि काच धरून ठेवणारे स्क्रू मोजून काढा, एखादा राहिला तर ओढताना काच तिथूनच तडकते. मग दिवा ओव्हनमध्ये, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आठ ते दहा मिनिटं, लाकडी फळीवर, जाळीच्या लोखंडाला टेकू न देता. मग एका कोपऱ्यातून सुरुवात करून हळू. ब्यूटाइलच्या काळ्या तारा लांबत जातात आणि वाटतं की आता झटका दिला की निघेल. झटका देऊ नका. तारा ताठ झाल्या की परत दोन मिनिटं गरम करा. आतल्या चकाकत्या थराला बोट लावू नका. तो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. ठसा उमटला की पुसायला जाल आणि थरच निघून येईल.

प्रोजेक्टर जुन्या बल्बच्या भोकातून घालून मागून नटाने आवळायचा असतो. आवळताना तो स्वतःभोवती थोडासा फिरतो, आणि तेवढ्याने भिंतीवरची रेष तिरकी दिसते. म्हणून काच लावण्याआधी, काहीही चिकटवण्याआधी, दोन्ही दिवे गाडीवर नुसते टेकवून लावा आणि रेष बघा. एक दिवा सरळ आणि एक कलता असेल तर नट ढिला करून फिरवा, आवळा, परत बघा. याच वेळी चक्र फिरवून मोटर हलते का आणि मागचा पंखा कुठे अडतो का तेही बघा. नवा प्रोजेक्टर जुन्या बल्बपेक्षा बराच जड असतो. आणि हो, हे बघताना गाडीत सामान आहे ना? मागच्या वेळी इथे मी थकलो होतो आणि ‘सामान काय, नंतर बघू’ असं झालं होतं. काच चिकटवल्यावर रेष कलती निघाली तर परत सगळं गरम करून उघडावं लागतं. आता बघा.

वायरिंग. आधी मल्टिमीटरने बघा की तुमच्या गाडीत बटण पॉझिटिव्ह तोडतं की अर्थ (गाडीच्या पत्र्याला जाणारी निगेटिव्ह). काही गाड्यांत एच-४च्या कपलरला पॉझिटिव्ह कायम असतो आणि अर्थ बदलतो. अशा ठिकाणी सरळ जोडणी केली तर अप्परसाठी लेन्समागचा पत्रा हलवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) चालणार नाही. रिलेचं हार्नेस वापरा, म्हणजे जुन्या बटणाच्या सिग्नलवर बॅटरीतून थेट वीज जोडणारा तयार वायरींचा संच. रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३०ला बॅटरीचा पॉझिटिव्ह, ८७ दिव्याकडे, ८५ आणि ८६ कॉइलचे, आणि कॉइलला जुन्या कपलरचा सिग्नल. फ्यूज बॅटरीजवळच हवा, वीतभर अंतरात. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही. ४० वॅटचे दोन दिवे मिळून सातएक अँपिअरच्या आत, १५चा फ्यूज पुरतो. अर्थ रंगावर नाही, खरवडलेल्या पत्र्यावर. सांधे क्रिंप करून वर हीट श्रिंक. दिवे लुकलुकले किंवा डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण आली तर गाडीचा कॉम्प्युटर कमी करंट बघून गोंधळलाय. त्यासाठी वेगळा डिकोडर मिळतो. रेडिओ लावून खरखर ऐका, येत असेल तर एलईडीच्या ड्रायव्हरच्या (करंट सांभाळणाऱ्या डबीच्या) वायरला फेराइटचं कडं लावा.

काच बंद करणं. खाच साफ, जुना ब्यूटाइल पूर्ण काढा, नवा भरा, गरम करा, दाबा, सगळे स्क्रू परत. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आत वापरू नका, त्यातून निघणारं आम्ल धातूचा थर खातं. दिव्याची श्वासाची, म्हणजे हवा खेळायची भोकं बुजवू नका. एलईडीची उष्णता मागे जाते, काच हॅलोजनसारखी तापत नाही, त्यामुळे आत दमट राहिलं की लवकर सुकत नाही. मागचं झाकण बसत नाही म्हणून उघडं सोडू नका, खोल झाकण शोधा.

बंपर, क्लिपा, बोल्ट. जे निघालं ते बसवा. पाण्याचा पाइप मारून आत ओल येते का बघा.

मग परत भिंत. सामान भरून. टायर, हवा, चालक, तेच १० मीटर, तीच पट्टी. नवी रेष दिव्याच्या मध्याच्या पट्टीच्या १० सेंटीमीटर खाली हवी. दिवे जमिनीपासून १ मीटरपेक्षा उंच असतील तर आणखी खाली, १५ ते २० सेंटीमीटर. चक्र चालत असेल तर ही रेष आधी रिकाम्या गाडीवर, ०वर लावा, मग सामान भरून प्रत्येक आकड्यावर रेष कुठे येते ते लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. नसेल तर भरलेल्या गाडीची रेष हीच खरी रेष.

रात्री एखाद्या मोकळ्या रस्त्यावर ओळखीच्या माणसाला कारमध्ये ५० मीटरवर समोर बसवा आणि फोनवर विचारा. त्याला लेन्स चमकताना दिसेल, पण डोळे मिटावेसे वाटता कामा नयेत. सामान उतरवून एकदा, भरून एकदा. कुणी डिपर दिला तर त्याला अप्पर दाखवू नका, खाली उतरून बघा.

आठवड्याने नट, अर्थ आणि काचेच्या आतली वाफ बघा. पट्ट्या भिंतीवरून काढू नका. कधी नेहमीपेक्षा जास्त वजन भरलं तर निघण्याआधी गाडी त्याच जागी लावा आणि रेष बघा.