दिवस वाईट गेला असेल तर कोणता डाव मांडायचा?

मागच्या महिन्यात मी जुन्या दरांचा तक्ता नवा समजून सतरा जणांना मेल केला. चूक पूर्णपणे माझी होती. संध्याकाळी घरी आले, कुणाशी बोलायची इच्छा नव्हती, म्हणून फोनवर बुद्धिबळ उघडलं आणि अनोळखी लोकांशी तीन-तीन मिनिटांचे डाव खेळत बसले. ओळीने पाच हरले. दिवसभर मला मूर्ख म्हणणारी एकटी मीच होते, रात्रीपर्यंत आणखी पाच साक्षीदार जमवले.

तेव्हापासून ठरवलंय की अशा दिवशी समोर माणूस नको. पत्त्यांचा कॅट काढायचा आणि एकटीने खेळायचं.

पण कोणता खेळ? माझं गणित असं आहे. स्वतःच्या चुकीमुळे दिवस बिघडला असेल तर क्लोंडाइक, म्हणजे सगळे ज्याला नुसतं सॉलिटेअर म्हणतात तो, १९९० साली विंडोज ३.० बरोबर घरोघरी पोचलेला. त्यात सुरुवातीला बहुतेक पानं पालथी असतात, त्यामुळे हरलात तरी दोष पत्त्यांवर ढकलता येतो, आणि तो खोटाही नसतो. उलट दुसऱ्यांनी दिवस खाल्ला असेल, म्हणजे तुमचं काही न ऐकता निर्णय झाले, तासन्‌तास ताटकळत ठेवलं, तर फ्रीसेल. तिथे बावन्नच्या बावन्न पानं पहिल्यापासून उघडी असतात आणि जवळजवळ प्रत्येक डाव सुटतो. विंडोजमधल्या जुन्या फ्रीसेलमध्ये क्रमांक दिलेले ३२,००० डाव होते, त्यातला फक्त एक, ११९८२ क्रमांकाचा, सुटत नाही. कुणाच्याही मर्जीवर न चालणारी गोष्ट हवी असेल तर हीच.

जागा मोठी लागते. नेहमीचं पान साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे क्लोंडाइकच्या सात रांगांना मोकळे पन्नास-पंचावन्न सेंटिमीटर हवेत, फ्रीसेलच्या आठ रांगांना त्याहून थोडे जास्त. गुळगुळीत टेबलावर पान नखाने उचलावं लागतं आणि आधीच तापलेलं डोकं आणखी तापतं, म्हणून खाली जाडसर टॉवेल किंवा चादर घाला. फोन दुसऱ्या खोलीत.

मग पिसायला बसा. माझ्या मते अर्धा आराम इथेच आहे. कॅटचे दोन भाग करायचे, दोन्हींच्या कडा अंगठ्याने वाकवायच्या आणि फर्रर्र करून एकमेकांत सोडायच्या. असं सात वेळा. सातच का, तर १९९२ मध्ये बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी दाखवून दिलं की या पद्धतीने साधारण सात वेळा पिसल्यावर कॅट नीट मिसळतो. मी मोजते, कारण मोजताना दुसरं काही मनात येत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी खांदे खाली आलेले असतात. बावन्न पानं ज्या क्रमांनी लागू शकतात त्यांची संख्या ६८ आकडी आहे, त्यामुळे हातातला क्रम याआधी कुणीही पाहिलेला नसणार. ज्या दिवशी सगळं तेच तेच झालं, त्या दिवशी मला हे फार आवडतं.

क्लोंडाइकची मांडणी: डावीकडून पहिल्या रांगेत एक पान, दुसरीत दोन, असं सातवीत सात. प्रत्येक रांगेचं शेवटचं पान उघडं, बाकीची पालथी. अठ्ठावीस पानं टेबलावर, चोवीस हातात. रांगांवर उतरत्या क्रमाने आणि रंग बदलत लावायचं, काळ्या दश्शीवर लाल नव्वी, तिच्यावर काळी अठ्ठी. रिकाम्या जागी फक्त राजा. एक्के वर काढून त्यांच्यावर त्याच रंगाची पानं, म्हणजे बदामवर बदाम, राजापर्यंत चढवायची. हातातली पानं तीन-तीन उलटायची असा नियम आहे. वाईट दिवशी मी एकेक उलटते आणि त्याची लाज वाटून घेत नाही.

घाईत चुका होतात त्या ठरलेल्या. समजा इस्पिकची दश्शी उघडी आहे आणि बदाम नव्वी व चौकट नव्वी दोन्ही तिच्यावर जाऊ शकतात. दोन्हींखाली किती पालथी पानं आहेत ते बघा, जिथे जास्त, ती हलवा. राजा तयार नसेल तर रांग रिकामी करू नका, ती जागा नुसती पडून राहते. एक्के आणि दुर्र्या लगेच वर, पण तिर्रीपासून पुढे जरा थांबा. वर चढवलेल्या लाल पंजीवर काळी चव्वी ठेवायची होती हे दोन मिनिटांनी लक्षात येतं. पालथी पानं कुठे आहेत हे माहीत असतं, तर शंभरातले ऐंशीएक डाव सुटले असते, असा हिशेब आहे. मी तेवढे कुठे जिंकते! कॉम्प्युटरवर मागे जायचं बटण असतं, टेबलावर नसतं, आणि म्हणूनच टेबल बरं. चुकलं की चुकलं, पुढचं पान.

फ्रीसेल पटकन सांगते. आठ रांगा, पहिल्या चारांत सात-सात पानं, उरलेल्या चारांत सहा-सहा. रंग बदलत उतरत लावायचं इथेही तेच. वेगळं एवढंच की एकेक पान तात्पुरतं ठेवायला चार मोकळ्या जागा मिळतात आणि रिकाम्या रांगेत कुठलंही पान चालतं. पहिलं पान हलवण्याआधी चारही एक्के कुठे गाडले गेलेत ते शोधा. दोन मोकळ्या जागा भरल्या की तिसरीला हात लावण्याआधी थांबा, चहुबाजूंनी कोंडी व्हायला एवढंच पुरतं.

क्लोंडाइकचे तीन डाव, त्यावर नाही. "आता जिंकूनच उठते" असं मनात आलं, तर तिथेच पानं गोळा करा, कारण मग तो पुन्हा कामाचाच दिवस झाला. फ्रीसेल मात्र मी अर्धवट सोडते, चादरीसकट. सकाळी पाणी पिता पिता एखादी चाल दिसते.

माझ्या कॅटमधल्या चौकट सत्तीचा कोपरा दुमडलेला आहे, पालथी असली तरी ओळखू येते. ही लबाडी आहे हे मान्य. नवा कॅट आणून ठेवलाय, अजून फोडलेला नाही.